हाताचे ज्ञान आणि आकड्यांचे यंत्र
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



‘संगणक, स्वयंचलित यंत्रे आणि कारखानदारीचे भवितव्य’ या विषयावर चार शब्द बोलावे, अशी मंडळाची आज्ञा झाली. विषय विद्वानांचा आहे खरा; तथापि तो आपल्या ज्ञातीला परका मात्र नाही. लोहार, सुतार, तांबट, सोनार, पाथरवट अशी ज्यांची कुळे, त्यांच्या घरी कारखानदारी ही वर्तमानपत्रातली बातमी नसून रोजची भाकरी असते. नांगराचा फाळ पाजवणारा आणि गाडीच्या चाकाला धाव बसवणारा आपला पूर्वज खळ्यावरच्या बलुत्यावर जगला. बलुते संपले, तेव्हा त्याचे नातू लेथपाशी उभे राहिले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर कारखान्याची वसाहत वसवली. पुढे कोल्हापुरात ओतकामाचे कारखाने वाढले, आणि १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर पिंपरी-भोसरीकडे वसाहती उभ्या राहिल्या. या सर्व ठिकाणी ऐरणीवरचा हात यंत्रावर गेला. पण हातातले ज्ञान हातातच राहिले. आज प्रश्न पडला आहे तो याच ज्ञानाचा. ते हातातून काढून आकड्यांत घालता येते काय, आणि घातले तर त्याचा मालक कोण?

या प्रश्नाचा उगम शोधू गेल्यास दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत जावे लागते. मिशिगन राज्यातील ट्रॅव्हर्स सिटी या गावी जॉन पार्सन्स नावाचे गृहस्थ हेलिकॉप्टरची पाती तयार करीत. पात्याची वक्ररेषा अचूक साधणे हे अवघड काम. पार्सन्स आणि त्यांचे सहकारी फ्रँक स्टुलेन यांनी हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या छिद्रपत्रांच्या यंत्रावर त्या वक्ररेषेवरील बिंदूंचे गणित करवून घेतले. मग मिलिंग यंत्रापाशी एक माणूस आकडे वाचू लागला, आणि दोघे कारागीर आपापले चाक त्या आकड्याइतके फिरवू लागले. एकाने उभी चाल सांभाळावी, दुसऱ्याने आडवी, आणि तिसऱ्याने केवळ आकडा पुकारावा. अमेरिकन वायुदलाने १९४९ साली या कल्पनेस पैसा पुरवला, मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यासंस्थेने ती पुढे नेली, आणि १९५२ साली कागदी फितीवरील छिद्रे वाचून चालणारे मिलिंग यंत्र लोकांना दाखवण्यात आले. आकडा पुकारणारा गेला, चाके फिरवणारे दोघेही गेले. त्यांच्या जागी फीत आणि विजेच्या मोटारी आल्या. आज घरोघर ज्याला सीएनसी म्हणतात, त्याची ही जन्मकथा होय.

परंतु त्याच काळात दुसरीही एक वाट उघडी होती, आणि तिचे स्मरण आपणांस विशेष अगत्याचे आहे. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या अभियंत्यांनी असे यंत्र करून पाहिले होते, की कुशल कारागिराने पहिला नग स्वतःच्या हाताने करावा, त्या वेळच्या यंत्राच्या सर्व हालचाली चुंबकीय फितीवर नोंदल्या जाव्यात, आणि पुढचे नग यंत्राने त्या नोंदीवरून आपोआप करावेत. येथे गणित कचेरीतून येत नाही. कारागिराच्या हातातून येते. ही पद्धत मागे पडली. डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की मालकवर्गाला काम कारागिराच्या मर्जीतून सोडवून कचेरीच्या ताब्यात हवे होते, हे त्याचे मोठे कारण. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. विमानाच्या भागांचे काही पृष्ठभाग इतके गहन असतात, की कोणाचाही हात त्यांना पुरा पडत नाही. तेथे गणितच हवे. तरी यातून एक गोष्ट निश्चित होते. यंत्र कसे असावे हे केवळ शास्त्र ठरवीत नाही, माणसेही ठरवतात.

पुढची प्रगती थोडक्यात सांगतो. १९६१ साली न्यू जर्सीतील जनरल मोटर्सच्या कारखान्यात ‘युनिमेट’ हा पहिला यंत्रमानव कामास लागला. साच्यातून निघालेले तापलेले भाग उचलून ठेवणे हे त्याचे काम, आणि ते माणसाच्या हाताला खरोखरच घातक होते. १९७० च्या दशकात संगणक लहान झाला आणि यंत्राच्या अंगावरच बसला. २०२३ च्या अखेरीस जगातील कारखान्यांत ४० लाखांहून अधिक यंत्रमानव काम करीत होते, आणि त्या वर्षी नव्याने बसवलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या चीनमध्ये बसले.

यात माणसाचे नुकसान नाही असे म्हणणे म्हणजे आपली फसवणूक करून घेणे होय. जेथे एका लेथवर एक टर्नर उभा असे, तेथे आज एक माणूस दोन-तीन यंत्रे सांभाळतो. त्यातही ज्याला केवळ जॉब लावणे, बटण दाबणे आणि जॉब काढणे एवढेच ठाऊक, त्याला कंत्राटावर ठेवतात आणि कंत्राट संपले की घरी पाठवतात. हे काम यंत्रमानव उद्या करील, आणि अनेक ठिकाणी आजच करीत आहे. आपल्या ज्ञातीतील किती तरी तरुण या एकाच पायरीवर उभे आहेत, म्हणून ही गोष्ट आम्ही येथे स्पष्टपणे मांडीत आहो.

मग टिकते काय? यंत्राला सांगितलेल्या बिंदूपर्यंत जाता येते. तेथे गेल्यावर धातू कसा वागेल हे त्याला आपोआप कळत नाही. ओतीव भागात आत पोकळी असेल, पातळ भाग पकडीच्या दाबाने वाकत असेल, हत्यार झिजून माप काही मायक्रॉनने सरकत असेल, तर ते ओळखावे लागते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जॉब कोठे टेकवावा, कोठे आवळावा, कोणता कात आधी घ्यावा हे ठरवावे लागते. कापताना यंत्राचा आवाज बदलला, कीसाचा रंग निळा पडला, तर त्याचा अर्थ लावावा लागतो. ऐरणीवर लोखंडाच्या रंगावरून ताव ओळखणाऱ्या पूर्वजाचीच ही विद्या आहे. आता संवेदक बसवून हीही लक्षणे संगणकाला शिकवण्याचे प्रयत्न चालू आहेत. पण ती शिकवण्यासाठीही आधी ती जाणणारा माणूस लागतो. ज्याच्यापाशी ही विद्या आहे आणि जो यंत्राची आकड्यांची भाषाही लिहू-वाचू शकतो, त्याची किंमत वाढली आहे. ज्याच्यापाशी दोहोंपैकी एकच आहे, तो अडचणीत आहे.

जर्मनीत १९८० च्या दशकात कारागिराने यंत्रापाशीच प्रोग्रॅम रचावा, अशा पद्धतीला मुद्दाम उत्तेजन देण्यात आले. २००८ पासून डेन्मार्कच्या एका कंपनीचे असे यंत्रमानव बाजारात आहेत, की ज्यांचा हात आपल्या हाताने धरून फिरवला की ते ती चाल लक्षात ठेवतात. म्हणजे जी वाट पूर्वी बंद झाली, ती काही अंशी पुन्हा उघडली आहे. तिच्यावर पाऊल टाकण्याची आपली तयारी आहे काय, एवढाच प्रश्न उरतो.

या संदर्भात मंडळापुढे तीन गोष्टी नम्रपणे ठेवतो.

पहिली, शिष्यवृत्तीची. आपला निधी बहुतांशी पदवीच्या विद्यार्थ्यांकडे जातो. पदवी थोर आहेच. परंतु औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत किंवा टूलरूममध्ये शिकणारा मुलगा अर्ज करावयासही संकोचतो, ही ज्ञातीला शोभणारी गोष्ट नव्हे. निधीचा निम्मा भाग या शिक्षणासाठी राखून ठेवावा, आणि तो मुलींनाही मिळावा. प्रोग्रॅम लिहिण्याला व मापे तपासण्याला घणाचे बळ लागत नाही.

दुसरी, वास्तूची. आपले सभागृह लग्नसराई सोडली तर आठवडाभर बंद असते. सीएनसी यंत्राची किंमत लाखांच्या घरात जाते. पण प्रोग्रॅम लिहून तो पडद्यावर चालवून पाहण्यास साधे संगणक पुरतात. एका खोलीत असे चार संगणक मांडावेत, आणि निवृत्त झालेल्या टर्नर-फिटर मंडळींनी संध्याकाळी तरुणांशेजारी बसावे. एकाने हाताचे ज्ञान द्यावे, दुसऱ्याने पडद्याचे. शासनाने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत लोहार, सुतार धरून १८ व्यवसाय आहेत. तीत प्रथम १ लाख व नंतर २ लाख रुपयांचे कर्ज ५ टक्के व्याजाने देण्याची तरतूद झाली. तेवढ्यात सीएनसी यंत्र येत नाही. मात्र हत्यारे व मापनसाधने येतात. अर्ज भरून देण्याचे काम मंडळाच्या कार्यकर्त्यांनी अंगावर घ्यावे.

तिसरी गोष्ट पैशाची नाही, आणि म्हणूनच अवघड आहे. वधूवर-सूचक मेळाव्यात स्वतःचे वर्कशॉप चालवणाऱ्या मुलाचे नाव वाचले की पालक पान उलटतात, आणि कचेरीत बसणारा म्हटले की थांबतात. मुलीच्या सुखाची काळजी कोणाला नसते? परंतु कचेरीतल्या कामावरही संगणकाने हात ठेवला आहे, हे विसरून कसे चालेल? जी ज्ञाती स्वतःच्या कसबाला घरातच कमी लेखते, तिच्या कसबाला बाजारात मोल कोण देणार?

आम्ही यंत्राचे भक्त नाही आणि वैरीही नाही. यंत्र ज्यांनी घडवले त्यांचेच आपण वंशज आहो. हातोडी, रंधा आणि गुण्या ही ज्यांची दसऱ्याला पूजिली जाणारी दैवते, त्यांनी त्या पाटावर आता संगणकालाही हळदकुंकू वाहावे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो उघडून कामाला लागावे.