भायखळ्याची घंटा आणि बिनडायलचा फोन

मी नगरहून बोलतोय. कागदोपत्री आता अहिल्यानगर झालंय, पण कंडक्टरला मी अजून ‘एक नगर द्या’ असंच म्हणतो, तर इथंही तसंच बोलू द्या.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली मीटरच्या पेटीनं पेट घेतला. मी १०१ लावला. पलीकडच्या माणसानं शांतपणे विचारलं, ‘पत्ता? गल्लीत मोठी गाडी वळते का? जिन्याखाली गॅसची टाकी वगैरे काही आहे का?’ पत्ता सांगितला. बाकी दोन्हीला माझं उत्तर, ‘बघून सांगतो.’ दहा वर्षं राहतोय मी तिथं! आग लहान होती, विझली. पण ते ‘बघून सांगतो’ काही डोक्यातनं जाईना. म्हणून आजचा एपिसोड फायर स्टेशनवर.

आपल्या राज्यातलं सगळ्यात नावाजलेलं फायर स्टेशन म्हणजे मुंबईतलं भायखळ्याचं. तिथंच मुंबई अग्निशमन दलाचं मुख्यालय आहे. राणीबाग बघायला सगळेच जातात, पण रेल्वेच्या पश्चिमेला बापूराव जगताप मार्गावर फार कुणी वळत नाही. एकदा वळा. मुंबईत आधी आग विझवणं हे पोलिसांच्या गळ्यात मारलेलं जादा काम होतं. १ एप्रिल १८८७ पासून वेगळं दल सुरू झालं आणि ते महापालिकेकडं आलं. बंब घोडे ओढायचे. मोटारीवर चालणारा पहिला बंब आला १९०७ मध्ये.

आता गंमत बघा. जुन्या काळची फायर स्टेशनं, मग ती लंडनची असोत की आपल्याकडची, एकाच हट्टानं बांधलेली दिसतात, की एक मिनिट वाया जाता कामा नये. खाली रुंद दारं, थेट रस्त्यावर उघडणारी. घोडे बंबाच्या जवळच बांधलेले, म्हणजे घंटा झाली की जुंपा आणि सुटा. जवानांची राहायची सोय वर किंवा आवारातच. कित्येक ठिकाणी वरच्या मजल्यावरून घसरत खाली यायला खांब, कारण जिन्यावर चार माणसं एकदम धावली की अडकतात. आणि तो उंच मनोरा असतो ना, तो शोभेचा नाही हं. कापडी होज ओले राहिले की कुजतात, म्हणून ते उभे टांगून वाळवायला इतकी उंची लागायची. वर चढून शहरात धूर कुठं दिसतोय तेही बघता यायचं. मला हे कळल्यापासून जुनं फायर स्टेशन दिसलं की आधी मान वर जाते.

पण एवढं सगळं असूनही वेळ कुठं हरवतो, ते १४ एप्रिल १९४४ ला दिसलं. आदल्याच दिवसाची, १३ एप्रिलची तारीख नेहरूंच्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’च्या सुरुवातीला आहे, आणि ठिकाण आपला भुईकोट किल्ला. ते तेव्हा नगरला कैदेत होते. तर इकडं ते लिहायला बसले आणि दुसऱ्या दिवशी मुंबईची गोदी उडाली.

‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं जहाज व्हिक्टोरिया डॉकमध्ये उभं होतं. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, सोन्याच्या विटा आणि कराचीत भरलेल्या कापसाच्या गाठी. कापूस आणि दारूगोळा काही ठिकाणी एकाच कप्प्यात! स्फोटकं असलेल्या जहाजानं लाल बावटा लावायचा असतो, तो लावलेला नव्हता. दुपारी दोनच्या सुमाराला धूर दिसला. गोदीतल्याच पंपाचे जवान भिडले आणि त्यांच्यातल्या एकाला पिटाळलं, की फोन करून ‘मोठी आग’ अशी वर्दी दे. तो फोनपाशी गेला, तर फोनला डायलच नाही! त्यानं सुचलं ते केलं, आगीच्या सूचनेच्या पेटीची काच फोडली. पण पेटी बोलत नाही. भायखळ्याला नुसती घंटा गेली, साधी वर्दी समजून नेहमीप्रमाणं दोन पंप निघाले. आत काय भरलंय ते तिथं पोचल्यावर कळलं. मग कुमक मागवली, चीफ ऑफिसर नॉर्मन कूम्ब्स आले, जहाज बुडवायचं की बाहेर ओढायचं यावर वरिष्ठांचं एकमत होईना. जवान मात्र पाणी मारत उभे.

४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट. साधारण अर्ध्या तासानं दुसरा. पेटत्या कापसाच्या गाठी शहरावर पडल्या. सिमल्याच्या भूकंपमापकावर हादरा नोंदला गेला म्हणतात. अग्निशमन दलाची ६६ माणसं गेली. म्हणून १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन असतो. आंबेडकर जयंतीही त्याच दिवशी, त्यामुळं गावोगावचे जवान तेव्हा बहुतेक मिरवणुकीच्या ड्युटीवर असतात.

घंटा वाजल्यावर बंब किती झटकन निघतो हे त्या इमारतीच्या हातात. पण जाताना माणसं काय समजून जातात, ते फोन करणाऱ्याच्या हातात. म्हणजे माझ्यासारख्याच्या.

तेही पुरतं असं नाही. ९ मे २०१५ ला काळबादेवीत गोकुळ निवास पेटली, लाकडी सांगाड्याची जुनी इमारत. ती कोसळली, आणि त्या आगीनं प्रमुख सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे, महेंद्र देसाई हे चार अधिकारी नेले. चौघेही अनुभवी. आमच्या कापडबाजार, दाळमंडईकडं गेलो की हे आठवतं. खाली माल, वर माणसं, मधे लाकडी जिना, आणि जिन्यावर पुन्हा माल.

आणि ६ नोव्हेंबर २०२१. नगरकरांना तारीख सांगायला नको. भाऊबीज होती. जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि त्या दिवशी कोरोनाचे ११ रुग्ण गेले. बेडवरून स्वतः उठता येत नाही अशी माणसं ती. बाहेर डबा घेऊन आलेल्या बहिणी होत्या... यावर मी जास्त बोलत नाही.

परवा मी खाली उतरून बघितलं. गल्लीच्या तोंडाशी एका दुकानाचा पत्रा पुढं आलाय, मोठा बंब वळणार नाही, मागच्या रस्त्यानं आणावा लागेल. जिन्याखाली गॅसची टाकी नाही, पण रंगाचे सहा डबे आणि थिनरचा कॅन सापडला. कॅन आमचाच होता. दिवाळीपासूनचा.

तुमच्या गावचं फायर स्टेशन कुठं आहे, जुनं असेल तर मनोरा शिल्लक आहे का, ते बघून मला व्हॉइस नोट पाठवा. सांगलीच्या एका श्रोत्यानं आजोबांची आठवण पाठवलीय, ती पुढच्या वेळी ऐकवतो.