विलग झालेल्या उपग्रहांच्या मालकीचा माग

 मक्तेदारीला आळा घालण्यासाठी एखाद्या कंपनीस आपली मालमत्ता वा समभाग अलग करावयास लावणे, म्हणजेच सक्तीची हिस्साविक्री, हा स्पर्धा-कायदा आणि उपग्रह-उद्योग यांच्या संबंधांवरील या परिषदेचा विषय होय. विक्रीचा आदेश निघाला की काम संपले असे मानले जाते, आणि ही समजूत परिषदेच्या स्वागत समितीच्या मते घातक आहे.

याचे उदाहरण म्हणजे इंटेलसॅट, ही १९६४ साली स्थापन झालेली आंतरसरकारी उपग्रह-दूरसंचार संस्था. सदस्यदेशांच्या दूरसंचार संस्था तिच्या मालकही होत्या व ग्राहकही, आणि ज्याचा वापर जितका, तितका त्याचा हिस्सा असे. भारताचा हिस्सा मुंबईत मुख्यालय असलेल्या विदेश संचार निगमाकडे होता आणि पुणे जिल्ह्यातील आर्वीचे भूकेंद्र तिच्याच उपग्रहांशी संपर्क साधी. खुल्या स्पर्धेच्या वाढत्या आग्रहामुळे, ज्यात अमेरिकेचा दबाव मोठा होता, १९९८ साली इंटेलसॅटने कक्षेतील पाच उपग्रह न्यू स्काइज या हेग येथील नव्या कंपनीकडे सोपवले. हा न्यायालयाचा आदेश नव्हता, तरी हेतू मक्तेदारीला आळा घालण्याचाच होता. मात्र नव्या कंपनीचे सुमारे १० टक्के समभाग इंटेलसॅटने राखले व उरलेले जुन्याच सदस्यांत वाटले गेले; परिणामी प्रतिस्पर्धी म्हणून जन्मलेल्या कंपनीचे मालक आणि तिच्या मातृसंस्थेचे मालक आरंभी एकच राहिले, व ही गुंतवण सैल होण्यास २००० सालची सार्वजनिक समभागविक्री लागली.

याउलट, अमेरिकेतील इकोस्टार व ह्यूजेस या उपग्रह-कंपन्यांचे विलीनीकरण २००२ साली नियामकांच्या विरोधामुळे कोसळले, तेव्हा ह्यूजेसचे विघटन थांबले नाही. २००३ साली तिचे ३४ टक्के समभाग न्यूज कॉर्पोरेशनने घेतले, तर तिच्याकडील पॅनअमसॅट ही उपग्रह कंपनी २००४ साली खासगी गुंतवणूकदारांकडे व २००६ साली इंटेलसॅटकडे गेली. नकार हाही मालकीची फेरमांडणी घडवतो, हे येथे स्पष्ट दिसते.

न्यू स्काइजही २००६ सालीच लक्झेंबर्गच्या एसईएस कंपनीने घेतली, आणि जुलै २०२५ मध्ये युरोपीय आयोगाच्या बिनशर्त मंजुरीनंतर त्याच एसईएसने इंटेलसॅटही ताब्यात घेतली. अशा रीतीने १९९८ साली विलग केलेला भाग आणि मूळ संस्था पुन्हा एकाच मालकीखाली आल्या.