परार्थ धांव



शर्यत म्हटली कीं, पहिला कोण आला, हेंच आपण आधीं विचारतों. कॅनडा देशांतील टेरी फॉक्स याच्या स्मरणार्थ भरणाऱ्या धांवेंत हा प्रश्नच उद्भवत नाहीं. हाडाच्या कर्करोगामुळें १९७७ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. रुग्णालयांत त्यानें इतर रोग्यांचे, विशेषतः लहान मुलांचे, हाल पाहिले. त्यांच्यासाठीं संशोधननिधि जमविण्यास १२ एप्रिल १९८० रोजीं तो कृत्रिम पायानें धांवूं लागला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाल्यावर रोग फुप्फुसांत पसरला व धांव अर्धवट राहिली. २८ जून १९८१ रोजीं तो निवर्तला.

त्याच सप्टेंबरांत लोकांनीं ती धांव उचलली. मुलें, आईबाप, वृद्ध, चाकांच्या खुर्चींतील अपंग, सारे तींत येतात. तेथें क्रमांक नाहीं, बक्षीसही नाहीं.

आपल्या कुटुंबमेळाव्यांतही धांव ठेवावी, असें आम्हांस वाटतें. मात्र मागें राहिलेल्यासाठीं जो थांबेल, त्यानें आपण हरलों असें मानूं नये. दुसऱ्याच्या बाजूस उभें राहण्याचा धडा मुलांना तेथेंच मिळेल.