सुरी धुतली, पण पुसली का?

एकाच मोरीत, एकाच साबणानं घासलेला स्टीलचा डबा वर्षानुवर्षं लखलखीत राहतो आणि सुरीच्या पात्यावर मात्र पावसाळा लागला की तपकिरी ठिपके उमटतात. मग ‘स्टीलच खोटं निघालं’ असं म्हणून सुरी अडगळीत टाकली जाते. माझ्या मते हा बहुतेक वेळा सुरीवर अन्याय असतो. डबा आणि सुरी दोन्ही स्टेनलेस, पण दोघांचं पोलाद एक नव्हे. लोहचुंबक लावून पाहा. सुरीला तो घट्ट चिकटतो, चांगल्या डब्याला सहसा चिकटत नाही. डब्याच्या पोलादात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. नेहमीच्या सुरीत निकेल जवळजवळ नसतंच, क्रोमियम १३ टक्क्यांच्या आसपास आणि कार्बन डब्याच्या कितीतरी पट. हा कार्बन धारेसाठी लागतो. त्याच्यामुळेच पोलाद तापवून पाणी दिल्यावर कडक होतं. पण तोच कार्बन थोडं क्रोमियम स्वतःशी बांधून ठेवतो, आणि गंजापासून राखण करणारं तर क्रोमियमच. मग डब्याच्याच स्टीलची सुरी का करत नाहीत? करता येईल, पण त्या स्टीलला पाणी चढत नाही. दोन दिवसांत ती टोमॅटो कापायच्याऐवजी चेचायला लागेल.

क्रोमियम राखण करतं म्हणजे काय, तर हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून ते पोलादावर एक पापुद्रा धरतं. मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही तो पातळ असतो. ओरखडा पडला तरी हवा लागताच तो पुन्हा धरतो, म्हणून धार लावल्यानं सुरी गंजते ही भीती खरी नाही. त्याचा खरा वैरी मीठ. १९१३ साली इंग्लंडमधल्या शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली यांनी हे क्रोमियमचं पोलाद ओतलं, तेव्हा तिथल्या एका सुऱ्या बनवणाऱ्यानं त्याला व्हिनेगर लावून पाहिलं, डाग पडला नाही, आणि ‘स्टेनलेस’ हे नाव रूढ झालं. म्हणजे नाव पडलं ते आंबटाच्या कसोटीवर. आपल्या ओट्यावर आंबटाच्या जोडीला मीठ असतं. कैरीच्या फोडींना मीठ लावून सुरी तशीच ठेवली, की मिठाचं पाणी पापुद्र्याला बारीक भोक पाडतं आणि गंज तिथून आत उतरतो. नीट पाहिलं तर ठिपके सगळ्या पात्यावर सारखे नसतात. पातं मुठीत शिरतं त्या सांध्यात, किंवा वाळून चिकटलेल्या टोमॅटोच्या बीखाली ते आधी दिसतात. तिथं ओल कोंडते, हवा पोचत नाही आणि पापुद्रा भरून येत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की सुरी धुणं हे अर्धं काम आहे. उरलेलं अर्धं पुसणं. कामाच्या रगाड्यात एकेक सुरी कोण पुसत बसणार, असं कुणी म्हणेल. पण विळी होती तेव्हा हेच होत होतं. ती लोखंडाची आहे हे ठाऊक असल्यामुळे तिला कुणी ओली ठेवत नसे. स्टील आलं आणि हात निर्धास्त झाले. सुरीला विळीसारखं रोज तेलाचं बोट लागत नाही, कोरड्या फडक्याचा एक हात पुरतो, मात्र तो सांध्यापर्यंत फिरायला हवा. भांड्यांच्या ढिगाऱ्यात तिला रात्रभर भिजत ठेवू नये. त्यात हात कापण्याचं भय वेगळंच. दुसरा आक्षेप असा, की आम्ही तर तारेच्या घासणीनं खसाखसा घासतो, तरी गंज येतो. घासणीची तार साध्या लोखंडाची असेल तर तिचे कण पात्यावर राहतात, आणि गंजतात ते आधी तेच. काथ्या किंवा मऊ घासणी बरी. आलेला गंज खायच्या सोड्याच्या ओल्या लेपानं, पात्याच्या पाठीकडून धारेकडे चोळला तर निघतो. खोल गेलेला खड्डा मात्र तसाच राहतो आणि पुढे त्यातच ओल धरते, तेव्हा तिथं फडकं जरा जास्त वेळ दाबून धरावं.