मेंढपाळाच्या शोधात निघालेला कळप

गावच्या चर्चमधील धर्मगुरूंची बदली झाली आणि नवे धर्मगुरू येण्यास महिना-दोन महिन्यांचा विलंब लागला, म्हणजे गाव कसे अस्वस्थ होते, हे गोव्यापासून वसईपर्यंतच्या ख्रिस्ती मंडळींना सांगावयास नको. घंटा वेळेवर वाजते, वेदीवरील फुलेही कोणीतरी न चुकता बदलते. परंतु आजाऱ्याच्या उशाशी कोणास बोलवावे, लग्नाची तारीख कोणाच्या संमतीने ठरवावी, हे प्रश्न घरोघरी उभे राहतात. येणारे धर्मगुरू कसे असतील, जुन्या चालीरीती ते राखतील की मोडतील, याची चर्चा तर ओसरीओसरीवर चालते. महिना-दोन महिन्यांचा हा काळ जर तेहतीस वर्षे लांबला तर? आणि नवा धर्मगुरू कोणी पाठवावयाचा नसून, आपणच परमुलखात जाऊन, जीव धोक्यात घालून शोधून आणावयाचा असेल तर?

कोरिया देशातील कॅथलिक ख्रिस्तसभेच्या वाट्याला हेच आले. तिची हकिकत ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात आगळी आहे. अन्यत्र धर्मगुरू आधी गेले आणि मग भाविकांचा समुदाय उभा राहिला. कोरियात समुदाय आधी उभा राहिला, आणि त्याने धर्मगुरूचा शोध आरंभिला.

अठराव्या शतकात कोरियाची दारे परकीयांना बंद होती. उघडा होता तो एकच मार्ग. दरवर्षी कोरियाच्या राजाचे शिष्टमंडळ नजराणा घेऊन चीनच्या बादशहाकडे पेकिंगला जात असे, आणि परतताना चिनी ग्रंथ आणीत असे. त्यांत मात्तेओ रिच्ची या येशूसंघीय पंडिताने चिनी भाषेत लिहिलेला, स्वर्गाधिपतीच्या खऱ्या अर्थाचे विवरण करणारा १६०३ सालचा ग्रंथही होता. काही तरुण कन्फ्यूशियसपंथी विद्वानांनी तो वाचला, त्यावर वादविवाद केले, आणि त्यांतील यी ब्योक नावाच्या तरुणाला त्यात नुसती विद्या नव्हे, तर जगण्याची वाट दिसली. आपला मित्र यी सुंग-हून शिष्टमंडळाबरोबर पेकिंगला निघाला आहे असे कळताच, तेथील धर्मगुरूंना भेटण्याची गळ त्याने त्यास घातली. १७८४ साली यी सुंग-हून याने पेकिंगमध्ये स्नानसंस्कार घेतला, पेत्र हे नाव धारण केले, आणि ग्रंथ, क्रूस व चित्रे घेऊन तो मायदेशी परतला. परतल्यावर त्याने यी ब्योक व इतरांना स्नानसंस्कार दिला. सोल नगरीत एका दुभाष्याच्या घरी मंडळी जमू लागली. कोरियाची ख्रिस्तसभा जन्मास आली ती अशी, एकाही धर्मगुरूवाचून.

या मंडळींनी पुढे जे केले ते भाबडेपणाचे होते, पण त्यांच्या तळमळीचेही निदर्शक होते. पेकिंगच्या चर्चमध्ये जे पाहिले होते ते यी सुंग-हून याने आठवून सांगितले, आणि १७८६-८७ च्या सुमारास मंडळींनी आपल्यातूनच काहीजणांची धर्मगुरू म्हणून निवड केली. हे प्रापंचिक गृहस्थ मिस्सा अर्पण करू लागले, पापनिवेदन ऐकू लागले. लोकांचे समाधान होत होते, समुदाय वाढत होता. अशा वेळी ग्रंथ अधिक बारकाईने वाचता वाचता त्यांच्यापैकीच एकाच्या मनात शंका आली : गुरुदीक्षा ही बिशपांच्या हस्ते परंपरेने मिळावयाची असते, मग आपला हा अधिकार कोणाचा?

ही शंका दडपून टाकणे फार सोपे होते. पेकिंगचा बिशप दूर होता, विचारणारे कोणी नव्हते, आणि चाललेले नीट चालले होते. तरीही त्या मंडळींनी आपण होऊन आपले धर्मगुरुपद खाली ठेवले, आणि १७८९ साली यून यू-इल या तरुणाच्या हाती पत्र देऊन त्यास शिष्टमंडळाबरोबर पेकिंगला पाठविले. मान, अधिकार आणि लोकांची श्रद्धा हाती आलेली असता, केवळ सत्याच्या भीतीने ती परत करणारी माणसे थोडी. कोरियाच्या ख्रिस्तसभेचा खरा पाया येथेच घातला गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

पेकिंगचे बिशप त्या वेळी आलेशांद्री द गोव्हेआ हे पोर्तुगीज फ्रान्सिस्कन होते. त्यांचा धर्मप्रांत १६९० साली स्थापन झाला, तो गोव्याच्या आर्चबिशपांच्या प्रांताचा घटक म्हणून. आपल्या मांडवीकाठच्या जुन्या गोव्याशी त्या दूरच्या बर्फाळ वाटेचा असाही धागा होता. यून यू-इल १७९० साली परतला, तो बिशपांचे रेशमी वस्त्रावर लिहिलेले उत्तर घेऊन. तुमच्या निवडीच्या धर्मगुरूंना संस्कार देण्याचा अधिकार नाही. धीर धरा, खरा धर्मगुरू पाठवू, असा त्याचा आशय होता.

तथापि, बिशपांकडून याच सुमारास आणखी एक आज्ञा आली, आणि ती फार जड होती. पूर्वजांच्या स्मृतिफलकांपुढे नैवेद्य दाखविण्याचा विधी ख्रिस्ती माणसाने करू नये, असे तिच्यात बजावले होते. कोरियाच्या समाजात हा विधी म्हणजे पितृभक्तीचा कणा; तो मोडणे म्हणजे आईबापांशी आणि राजाशी द्रोह. आपल्याकडे ज्यांनी घरातील श्राद्धपक्षाचे महत्त्व पाहिले आहे, त्यांना या पेचाची कल्पना येईल. अनेक विद्वानांनी येथे माघार घेतली. स्वतः यी सुंग-हूनचेही पाऊल मागे पडले. परंतु यून जी-चुंग नावाच्या गृहस्थाने आईच्या मृत्यूनंतर फलकपूजा केली नाही. त्याने व त्याच्या मामेभावाने फलक जाळून टाकले. ८ डिसेंबर १७९१ रोजी जॉन्जू येथे दोघांचा शिरच्छेद झाला. त्यानंतर एकशे अठ्ठेचाळीस वर्षांनी, १९३९ साली, रोमने चीनमधील कॅथलिकांना पूर्वजांना वंदन करण्याची मुभा दिली, आणि कोरियातही पुढे तेच धोरण स्वीकारले गेले. ज्या गोष्टीसाठी माणसांनी प्राण दिले तिचा अर्थ काळ पालटून टाकतो. म्हणून त्यांची निष्ठा उणी ठरत नाही. मात्र नियम घालून देणाऱ्यांनी किती सावध असावे, हे त्यावरून उमगते.

या आघाताने समुदायाचे रूपच बदलले. विद्वानांची मंडळी मागे सरली आणि दुभाषे, वैद्य, कारागीर, शेतकरी व विशेषतः स्त्रिया पुढे आल्या. चिनी ग्रंथ वाचू न शकणाऱ्या या लोकांसाठी चंग याक-जोंग याने साध्या कोरियन लिपीत धर्मशिक्षणाचे पुस्तक लिहिले.

धर्मगुरूची वाट पाहणे चालूच होते. १७९१ साली एक धर्मगुरू सीमेपर्यंत आले, पण भेट न घडताच त्यांना परतावे लागले. अखेर १७९४ च्या डिसेंबरात, गोठलेल्या यालू नदीवरून चौ वेन-मो हे चिनी धर्मगुरू रात्री चोरून कोरियात उतरले. तेव्हा समुदायात सुमारे चार हजार माणसे होती. सहा महिन्यांतच चहाडी झाली. त्या वेळी चे इन-गिल या दुभाष्याने चिनी पद्धतीने केस कापून घेऊन आपणच तो परदेशी धर्मगुरू असे भासविले, आणि खऱ्या धर्मगुरूंना निसटण्यास अवधी मिळवून दिला. तो आणि पेकिंगची वाट तुडविणारा यून यू-इल, दोघेही १७९५ साली छळात मरण पावले. धर्मगुरूंना आसरा दिला कांग वान-सुक या विधवाप्राय स्त्रीने. पतीपासून विभक्त झालेल्या या उच्चकुलीन बाईने आपल्या घरात त्यांना अनेक वर्षे लपविले, आणि स्त्रियांना धर्मशिक्षण देण्याचे कामही चालविले. सहा वर्षांत समुदाय दहा हजारांच्या घरात गेला.

१८०१ साली मोठा छळ सुरू झाला. आपल्यापायी लोकांचे हाल होत आहेत हे पाहून चौ वेन-मो स्वतः होऊन अधिकाऱ्यांच्या स्वाधीन झाले आणि मारले गेले. कांग वान-सुक, चंग याक-जोंग, यी सुंग-हून, सारेच त्या वर्षी गेले. उरलेली मंडळी डोंगरात पांगली. मातीची मडकी घडवावीत, तंबाखू पिकवावा, आणि मडकी विकण्याच्या निमित्ताने वस्तीवस्तीतील माणसांची खबर घ्यावी, असा त्यांचा क्रम सुरू झाला. आईने मुलाला आणि मुलाने नातवाला प्रार्थना पाठ करून दिल्या. मिस्सा नव्हती, पापनिवेदन नव्हते. तेहतीस वर्षे हे चालले.

त्या तेहतीस वर्षांत शोध मात्र थांबला नाही. चंग याक-जोंग मारला गेला तेव्हा त्याचा मुलगा चंग हा-सांग सहा-सात वर्षांचा होता. हा उच्चकुलीन तरुण १८१६ साली शिष्टमंडळातील नोकर म्हणून ओझी वाहत पेकिंगला गेला. धर्मगुरू द्या, असे त्याने तेथे मागितले, आणि रिकाम्या हाताने परतला. तो पुन्हा गेला, आणि पुन्हा. असा नऊ वेळा गेला असे सांगतात. एका खेपेची वाट सोलपासून सुमारे बाराशे किलोमीटर, तीही हिवाळ्यात. १८२५ च्या सुमारास त्याने व सोबत्यांनी थेट पोपमहोदयांना पत्र लिहिले. ते १८२७ साली रोमला पोहोचले. १८३१ मध्ये पोप सोळावे ग्रेगरी यांनी कोरियासाठी स्वतंत्र धर्मक्षेत्र निर्माण केले. त्याचे पहिले बिशप ब्रुग्येर हे सयामहून निघाले, पण सीमेजवळ येता येताच १८३५ साली वारले. एक चिनी धर्मगुरू १८३४ साली येऊन पोहोचले होते. १८३६ च्या जानेवारीत मोबाँ हे फ्रेंच धर्मगुरू सीमेवरील नगराच्या तटातील सांडपाण्याच्या वाटेतून आत शिरले. सुतकातल्या माणसाचा रुंद गवती टोप घालून हे परदेशी धर्मगुरू हिंडत. कोरियात सुतकी माणसाशी कोणी बोलत नसे, आणि टोपाखाली चेहरा दिसत नसे.

मोबाँ यांनी आल्या वर्षीच तीन मुलगे निवडून मकावला शिक्षणासाठी धाडले. ज्या भूमीतील माणसे आहेत तेथलाच धर्मगुरू हवा, हे त्यांनी जाणले. तिघांपैकी एक मकावलाच वारला. दुसरा, किम ते-गॉन, १७ ऑगस्ट १८४५ रोजी शांघायजवळ पहिला कोरियन धर्मगुरू झाला. मायदेशी जेमतेम वर्षभराच्या आत, १६ सप्टेंबर १८४६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी त्याचा शिरच्छेद झाला. तिसरा, चे यांग-ओप, १८४९ साली धर्मगुरू झाला, आणि डोंगरातल्या वस्त्या पायी हिंडत हिंडत १८६१ साली थकून व आजारून गेला.

आणि चंग हा-सांग? बिशप इंबेर यांनी त्यास लॅटिन व ईश्वरविद्या शिकविण्यास आरंभ केला होता. त्यास धर्मगुरू करावे असा त्यांचा मानस होता. १८३९ च्या छळात बिशप मारले गेले, आणि दुसऱ्याच दिवशी, २२ सप्टेंबर रोजी, चंग हा-सांगही. आयुष्यभर इतरांसाठी धर्मगुरू शोधणाऱ्याला स्वतःला गुरुदीक्षा लाभली नाही. १९८४ साली सोल येथे पोप दुसरे जॉन पॉल यांनी ज्या १०३ रक्तसाक्षींना संतपद दिले, त्यांत किम ते-गॉन यांच्या नावाबरोबर या प्रापंचिकाचेही नाव आहे. त्या १०३ जणांत धर्मगुरू अगदी थोडे आहेत; बाकी सारे प्रापंचिक.

श्रोतेहो, धर्मग्रामात नवे धर्मगुरू येणार असतील तेव्हा लोक त्यांच्याविषयी बरेच काही विचारतात : ते प्रवचन कसे करतील, सण कसे साजरे करतील, कोणाच्या बाजूचे असतील. कोरियाच्या मंडळींनी विचारलेले प्रश्न निराळे होते. आम्ही जे करीत आहो ते खरे आहे काय? तो येईपर्यंत मुलांना प्रार्थना कोण शिकवील? तो आल्यावर त्याला आसरा कोण देईल? धर्मगुरूवाचून ते कधी निर्धास्त झाले नाहीत, आणि धर्मगुरू नाही म्हणून हात जोडून स्वस्थही बसले नाहीत. बंद पडलेल्या वेदीपुढे ज्या गावाला आज वाट पाहावी लागत असेल, त्याने मडकी विकत डोंगर चढणाऱ्या त्या माणसांची आठवण ठेवावी. येणारा येईल तेव्हा त्याला रिकामी इमारत मिळू नये, जागी माणसे मिळावीत, एवढी तजवीज गावाच्या हाती नेहमीच असते.