सांधा कोणत्या बाजूला?



१८५३ साली बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्यास आली आणि १८५४ साली लोहमार्ग कल्याणास पोहोचला. आज कल्याणपुढे वाटा दोन: एक कसाऱ्याची, एक कर्जतची. समजा, सांध्याच्या अलीकडे गाडी उभी आहे आणि तेवढ्यात केबिनमधल्या माणसाची पाळी बदलली. नव्या माणसास ‘गाडी अमुक जागी आहे’ एवढेच सांगून भागेल काय? सांधा कोणत्या बाजूला लावला आहे, हेही सांगावे लागेल. नाहीतर कर्जतचे उतारू कसाऱ्याच्या वाटेला लागतील.

आजचा विषय हाच आहे. एखाद्या प्रोसेसरची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम म्हणजे सिम्युलेटर. चिप घडवणे खर्चाचे; म्हणून तिचे वागणे आधी असे पारखून घेतात. या नकलेचा गाभा म्हणजे प्रोसेसरची ‘स्थिती’. जेवढे टिपून ठेवले असता मागचा इतिहास विसरला तरी पुढची वाटचाल बिनचूक ठरते, तेवढी स्थिती.

आपल्या शेजारी पवईला, आय. आय. टी. मुंबईत, ‘अजित’ नावाचा प्रोसेसर तयार झाला. तो ‘स्पार्क’ आवृत्ती ८ च्या आज्ञासंचावर चालतो. त्यात प्रोग्रामला एका वेळी ३२ रजिस्टरे, म्हणजे हाताशी असलेले आकड्यांचे खण, दिसतात. पैकी शून्य क्रमांकाच्या खणात सदैव शून्यच. तो टिपण्याचे कारण नाही. परंतु चालू आज्ञेचा पत्ता आणि पुढच्या आज्ञेचा पत्ता, हे दोन्ही टिपावेच लागतात. कोणी म्हणेल, प्रत्येक आज्ञा चार बाइटांची. चालू पत्त्यात चार मिळवले की झाले! पण सांधा येथेच आहे. या यंत्रात उडीची आज्ञा झाली, तरी सामान्यतः लगतची एक आज्ञा आधी पार पडते आणि मगच उडी घडते. या दोहोंच्या मध्ये दुसरे तातडीचे काम आले आणि सिम्युलेटरने एकच पत्ता जपला असेल, तर परतल्यावर यंत्र सरळ पुढे जाते, उडी हरवते.

अशी चूक हजार वेळा दिसत नाही, आणि दिसते तेव्हा दोष निरपराध प्रोग्रामवर येतो. म्हणून कसोटी अशी लावावी: प्रत्येक आज्ञेनंतर थांबावे, स्मृतीसह सारी स्थिती लिहून काढावी, तेवढ्यावरून दुसरा सिम्युलेटर सुरू करावा, आणि न थांबलेल्याशी त्याचे उत्तर ताडून पाहावे. फरक पडला, तर सांध्याची बाजू सांगावयाची राहिली असे समजावे.