आधी स्वतःचं, मग पाचांचं

शाळेत आमचे ड्रिलचे सर लेझीम शिकवत. पहिले आठ दिवस रांग नाही, हलगी नाही; ज्याने त्याने आपलं मनगट सैल करायचं. आम्ही कुरकुरायचो. नवव्या दिवशी रांग लागली, तेव्हा हात आपोआप चालत होते आणि डोळे शेजाऱ्याकडे पाहायला मोकळे होते.

मी कविता करणारा बी. ए. माणूस, संगणकाचं गणित मला येत नाही. पण ‘ओपनएआय फाइव्ह’विषयी वाचलं आणि सर आठवले. ‘डोटा २’ हा पाच विरुद्ध पाच असा संगणकावरचा लढाईचा खेळ. अमेरिकेतल्या ओपनएआयने तो पाच यांत्रिक खेळाडूंना शिकवला. माणसांचे डाव दाखवले नाहीत. फायद्याचं घडलं की गुण, तोट्याचं घडलं की वजा, एवढंच. २०१८ साली हे खेळाडू एका दिवसात १८० वर्षं पुरेल इतका खेळ स्वतःशीच खेळत.

अडचण होती ती गुणांच्या वाटणीची. पहिल्या दिवसापासून सगळ्यांचे गुण सारखे वाटले, तर गुण आपल्या चालीने मिळाला की दुसऱ्याच्या, हे नवशिक्याला उमगत नाही. ज्याचे त्याला दिले, तर जो तो आपलाच खिसा भरतो. म्हणून एक आकडा ठेवला. शून्य म्हणजे सगळं आपलं, एक म्हणजे सगळं समान. शिक्षण पुढे सरकेल तसा तो एककडे नेला. त्याचं नाव ‘टीम स्पिरिट’.

मला भावला तो रोशन. (आमच्या मोहल्ल्यात या नावाचे दोन-चार तरी निघतील!) हा खेळातला राक्षस. त्याला मारायला वेळ आणि बळ खूप खर्चावं लागतं. नवशिक्यांना ते जमेना. मग त्यात लाभ आहे हे कळणार कसं? शिक्षकांनी सरावात रोशनची ताकद दर डावात वेगळी ठेवली, कधी पूर्ण तर कधी नावापुरती. दुबळ्या रोशनला लोळवून बक्षिसाची चव कळली आणि मग खऱ्याशी गाठ घेता आली.

१३ एप्रिल २०१९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत या पाचांनी जगज्जेत्या ‘ओजी’ संघाला २-० असं हरवलं. एकमेकांशी बोलण्याची वेगळी सोय त्यांना दिलेलीच नव्हती.

मात्र ते पाचही एकाच मेंदूच्या प्रती. त्यांच्यात मागे राहणारा कुणी नसतो. आमच्या रांगेत एकाचं मनगट शेवटपर्यंत सुटलं नाही. सरांनी त्याला हलगीवाल्याशेजारी उभं केलं आणि ठेका मोजायला सांगितलं.